सर्पगंधेची मुळी : हकिमाच्या खलापासून प्रयोगशाळेपर्यंत

रक्तदाब वाढलेला मनुष्य बहुधा स्वतःस आजारी समजत नाही. त्यास ताप नसतो आणि वेदनाही नसते. तथापि हा विकार वर्षानुवर्षे हृदय, मूत्रपिंड व मेंदूच्या वाहिन्या यांना झिजवीत राहतो. अशा दीर्घकालीन विकारावरील औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते. म्हणून त्याची परीक्षा अधिक कसोशीने व्हावयास हवी. या परीक्षेचा एक बोधप्रद इतिहास सर्पगंधेच्या मुळीत दडलेला आहे.

सर्पगंधा हे हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत आढळणारे लहानसे झुडूप होय. युनानी हकीम त्याच्या मुळीस ‘असरोल’ म्हणतात. मिरीबरोबर कुटून केलेल्या तिच्या गोळ्या ‘दवाउश्शिफा’ या नावाने ओळखल्या जातात. वाराणसीच्या पूर्वेस, बिहारात, हीच मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. युनानी शास्त्र रक्त, कफ, पित्त व सौदा या चार दोषांच्या समतोलावर आरोग्य अवलंबून मानते. अस्वस्थ व निद्राहीन रुग्ण या मुळीने शांत होतो, एवढे हकिमांनी अनुभवाने जाणले होते. परंतु ती शांती नेमकी कोणत्या द्रव्यामुळे येते, हे केवळ अनुभवाने कळणारे नव्हते.

हा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय दिल्लीस आहे. तेथील हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांनी आपल्या तिब्बिया महाविद्यालयात युनानी व आयुर्वेद या दोन्ही शास्त्रांस स्थान दिले आणि आधुनिक रसायनशास्त्राचाही मार्ग मोकळा केला. तेथे सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी आपल्या बंधूसह १९३१ साली या मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकास हकिमांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव देण्यात आले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीच्या चूर्णाने रक्तदाब उतरतो, असे नमूद केले.

पुढचे पाऊल मुंबईत पडले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर या मुळीचा प्रयोग केला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यायोगे जगभरच्या वैद्यकाचे लक्ष या झुडपाकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी मुळीच्या राळेसारख्या भागातून ‘रिसर्पीन’ हे द्रव्य शुद्ध रूपात मिळविले. रक्तदाब उतरविण्याचा मुख्य गुण त्यातच होता. सुंदर स्फटिक देणाऱ्या द्रव्यांकडे पाहता पाहता हा चिकट भाग मागे राहून गेला होता.

रिसर्पीनचे कार्य असे : मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचे सूक्ष्म साठे असतात. रिसर्पीनमुळे हे साठे रिते होतात, वाहिन्या शिथिल होतात आणि दाब उतरतो. परिणाम हळूहळू दिसतो, आणि औषध थांबविल्यावरही काही दिवस टिकतो. दररोज पाव मिलिग्रॅमसुद्धा पुरते. मुळीच्या चूर्णात मात्र हे प्रमाण झाडागणिक व ऋतूगणिक बदलते. चिमूटभर चूर्णात किती औषध आहे, हे डोळ्यांस दिसत नाही. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, पोटात व्रण होणे, मन खिन्न होणे असे दुष्परिणामही नोंदले गेले. पुढे अधिक सोयीची औषधे निघाल्याने रिसर्पीन मागे पडले. अजमलीनचा उपयोग मात्र हृदयगतीचा एक दडलेला दोष उघड करण्याच्या चाचणीत आजही केला जातो.

मागणीमुळे झुडपाचीही हानी झाली. मुळी काढावयाची म्हणजे झाड उपटावेच लागते. म्हणून १९९० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

या इतिहासात हकिमाचा अनुभव व्यर्थ गेला नाही. कोठे शोधावे, हे त्यानेच दाखविले. किती द्यावे, कोणास देऊ नये, हे मात्र तराजू व रक्तदाबमापक यांनी सांगितले. दीर्घ विकाराच्या रुग्णाने कोणतीही मुळी आपल्या मनाने घेऊ नये आणि चालू औषध आपल्या मनाने सोडू नये. औषध जुने असो वा नवे, त्याची मात्रा मोजलेली असावी, आणि त्याचे गुणदोष नोंदलेले असावेत.