टक्कल, गोळी आणि आमचा भाचा

वामनपंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीच्या नीतिशतकात एक टकल्या आहे. उन्हाने डोके भाजू लागले म्हणून तो बिचारा झाडाच्या सावलीकडे धावतो, आणि नेमके त्याच वेळी वरून भले मोठे फळ पडून त्याचे डोके फुटते. वर्गात हा श्लोक शिकवू लागलो की मुले माझ्या डोक्याकडे पाहून गालातल्या गालात हसतात. मीही हसतो, कारण पस्तिशीतच माझ्या माथ्यावर चंद्रोदय झाला आणि त्यामुळे माझे काही अडले नाही. पण त्या श्लोकाचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी आमच्या भाच्याने शिकवला.

भाचा सव्वीस वर्षांचा. रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला, म्हणून आठवडाभर आमच्याकडे शिरूरला आणि सुट्टीला आईकडे दौंडला. गेल्या वर्षी त्याच्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली आणि त्याच सुमारास त्याचे कपाळ मागे सरकू लागले. पहिला दोष बोअरच्या पाण्याला, दुसरा हेल्मेटला. ताईने माका-जास्वंदीचे तेल उकळले. तेवढ्यात एका स्थळाकडून ‘मुलाचे केस जरा विरळ दिसतात’ असा निरोप आला, आणि त्या दिवसापासून पोरगा आरशाशी अबोला धरून बसला.

श्रावणातल्या एका रविवारी मीही त्याच्याबरोबर दौंडला गेलो होतो. सकाळी चहाला म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो, तर स्वारी ताईच्या पोळपाटावर ब्लेडने गोळ्यांचे तुकडे करीत बसलेली! शेजारी त्याची थोरली बहीण परातीत पीठ घेत होती. तिला तिसरा महिना. उलट्यांनी बेजार म्हणून माहेरी आलेली.

“काय रे हे?”

“डोकेदुखीची गोळी, मामा.”

“तिचे चार-चार तुकडे?”

मग खरे बाहेर पडले. गोळीचे नाव फिनास्टेराइड. म्हाताऱ्या माणसांना प्रोस्टेटच्या त्रासावर पाच मिलिग्रॅमची देतात. केसांसाठी एक मिलिग्रॅम लागते. म्हणून एकीचे चार तुकडे केले की स्वस्त पडते, असे हिशेब कुणा मित्राने शिकवले होते. औषधाच्या दुकानात चिठ्ठी कुणी मागितली नाही. तीन महिने हा उद्योग गुपचूप चालला होता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात त्वचारोगाची डॉक्टर आहे. तिला फोन लावला. ती ओरडलीच, “सर, आधी तो पोळपाट धुवा, आणि त्या ताईला तिथून उठवा! गरोदर बाईने त्या गोळीच्या चुऱ्याला हातसुद्धा लावायचा नसतो.”

गोळी करते काय?

संप्रेरक म्हणजे हार्मोन. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते. एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यातल्या काही भागाचे डीएचटी नावाच्या अधिक जहाल संप्रेरकात रूपांतर करते. ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे, त्यांच्या माथ्यावरच्या केसांची मुळे या डीएचटीमुळे आखडत जातात आणि शेवटी नुसती लव उरते. हा संबंध जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने १९४२ साली दाखवला. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले होते, त्यांना टक्कल पडत नव्हते. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन देताच घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले.

पुढची हकीकत आणखी विलक्षण आहे. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या खेड्यात काही मुले जन्मतः मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना पुरुष होत. त्यांच्यात ते विकर जन्मापासूनच कमी होते. डॉ. जूलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली ही माहिती ‘सायन्स’ या नियतकालिकात छापली. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही, असेही दिसून आले. तेच विकर औषधाने रोखले तर? या विचारातून फिनास्टेराइड आले. अमेरिकेत १९९२ साली ते प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली केसांसाठी मंजूर झाले.

आता पोळपाटाची धास्ती वाचकांच्या लक्षात येईल. पोटातल्या मुलग्याची इंद्रिये नीट घडायला तेच डीएचटी लागते. अखंड गोळीवर आवरण असते. तुकडे केले की चुरा मोकळा होतो.

टिकते काय आणि जाते काय?

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन दौंडहून पुण्याच्या गाडीत बसलो. पाटस गेले, केडगाव गेले, तरी पोरगा खिडकीबाहेर उसाकडे पाहत गप्प. यवत मागे पडल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, “मामा, दीड-दोन महिने झाले, मला तसली काही इच्छाच होत नाही. हे कायमचे झाले असेल का? मग एखाद्या मुलीला फसवू कशाला? आईला सांगून स्थळे बंद करा.”

माझ्या पोटात खड्डा पडला. केस राखायला निघालेला मुलगा संसारच मोडून बसला होता.

डॉक्टरने त्याला समोर बसवून हातचे न राखता सगळे सांगितले. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तातले डीएचटी सुमारे दोन-तृतीयांशाने उतरते. टेस्टोस्टेरॉन उलट थोडे वाढते, पण मर्यादेत राहते. गोळी थांबवली की सुमारे दोन आठवड्यांत डीएचटी पूर्वपदावर येते. म्हणजे रक्तापुरता परिणाम कायमचा नव्हे. अमेरिकेत मंजुरीपूर्वी झालेल्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ३.८ जणांनी सांगितल्या, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ जणांनी. बहुतेकांच्या तक्रारी गोळी सोडल्यावर जातात.

बहुतेकांच्या, सर्वांच्या नव्हे. गोळी सोडल्यावरही तक्रारी राहिल्याचे काही पुरुषांनी कळवले, म्हणून २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद घालायला लावली. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या समितीने, आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. अशा तक्रारी कुणाच्या टिकतील, हे आधी ओळखण्याची कोणतीही चाचणी नाही.

“पण भीतीनेही हे होते बरे का,” ती म्हणाली. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रोस्टेटसाठी हीच गोळी घेणाऱ्या काहींना दुष्परिणामांची कल्पना दिली होती, काहींना नाही. कल्पना दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४४ जणांनी तक्रार केली, न दिलेल्यांपैकी केवळ १५ जणांनी. मी विचारले, “मग सांगूच नये का?” ती म्हणाली, “सांगावेच लागते, सर. अंधारात राहिलेला माणूस त्रास झाला की अंधारातच बुडतो.”

आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते केस? गोळी सोडली की वर्षभरात मिळवलेले केसही जातात! पुष्कळांना या गोळीने खरोखर लाभ होतो आणि काही त्रास होत नाही, हेही खरे. पण लाभ गोळी चालू आहे तोवरच. डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल संप्रेरकांना हात लावत नाही. मात्र तेही सोडले की परत येरे माझ्या मागल्या.

शिवाय प्रत्येक केसगळती एका जातीची नसते. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे चार-आठ दिवसांत टकली झाल्याच्या बातम्या आल्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन शोध घेतला आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. तिथे ही गोळी काय करणार? थायरॉइडच्या दुखण्यात किंवा मोठ्या तापानंतरही केस झडतात. आधी निदान, मग औषध.

जावळ

भाच्याने गोळी सोडली. त्या संध्याकाळी ताईला सगळे सांगितले. ती रडली, पण पोराला म्हणाली, “एवढं मनात ठेवलंस, आणि मी आपली तेल उकळत बसले!” भाचीच्या डॉक्टरबाईंच्याही कानावर घातले. महिना-दीड महिन्यात भाचा पुन्हा पहिल्यासारखा हसू लागला. औषध उतरले की भीती उतरली, हे मला सांगता येणार नाही. त्याने केस अगदी बारीक कापून घेतले आणि स्थळे पाहायला हरकत नाही म्हणाला.

माघात भाचीला मुलगा झाला, ठणठणीत. नशीब म्हणायचे, त्यावर कुणी भरवसा ठेवू नये. गेल्या महिन्यात त्याचे जावळ काढले. रिवाजाप्रमाणे बाळ मामाच्या मांडीवर. मागे मी उभा. तीन पिढ्यांची तीन तुळतुळीत डोकी एका ओळीत पाहून ताईने पदर तोंडाला लावला.

त्या टकल्याचे चुकले ते सावलीला धावण्यात नव्हे; वर न पाहता धावण्यात. आपल्या घरातला तरुण मुलगा आरशापुढे फार वेळ रेंगाळू लागला, तर त्याची थट्टा करू नका. शेजारी बसा आणि विचारा. कोण जाणे, त्याच्या उशाखाली गोळ्यांची पट्टी असेल.