आधी उजेड, मग रंग

घराचे रंगकाम काढले की हातात पहिल्यांदा येते ते शेड कार्ड. बोटभर चौकोनांतून एखादा पसंत पडतो, रंगारी लांबी भरून दोन हात मारतो, आणि आठवडाभरात घरच्यांच्या लक्षात येते की कार्डावरचा मऊ बदामी रंग भिंतीवर कळकट पिवळा दिसतो आहे. दोष रंगाऱ्यावर येतो, नाहीतर कंपनीवर. बहुतेक वेळा दोघांनीही मागितलेलाच रंग दिलेला असतो. निवडीचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. घराला स्वतःचे रूप यावे असे वाटत असेल, तर सुरुवात त्या घरात येणाऱ्या उजेडापासून आणि सहसा न बदलणाऱ्या गोष्टींपासून, म्हणजे फरशी, ओटा, दारे-खिडक्या यांच्यापासून व्हायला हवी. शेड कार्ड उघडायचे ते सर्वांत शेवटी.

यामागे दोनशे वर्षांपूर्वीचा एक शोध आहे. पॅरिसमधल्या गोब्लँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्याच्या रंगाई विभागाची सूत्रे 1824 मध्ये मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. काळा धागा फिका पडतो, निळ्या-जांभळ्या विणकामात तो उठत नाही, अशा तक्रारी होत्या. शेव्रलने इतर ठिकाणचा काळा धागा मागवून तुलना केली, तेव्हा गोब्लँचा धागा कुठेच कमी नव्हता. फरक पडत होता तो शेजारच्या रंगांमुळे. दोन रंग जवळ आले की डोळा त्यांच्यातला भेद वाढवून पाहतो, हे त्याने 1839 च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. आपल्या घरातही हेच घडते. पांढऱ्याशुभ्र छताखाली क्रीम रंग आणखी पिवळा वाटतो. लालसर मोझेइकच्या फरशीवर उभी असलेली राखाडी भिंत हिरवट झाक दाखवू लागते. शेड कार्डावर प्रत्येक चौकोनाभोवती पांढरा कागद असतो. खोलीत त्याच रंगाभोवती फरशी, सागवानी दार आणि सोफ्याचे कापड असते. निकाल वेगळा लागणारच. म्हणून शहाबादी फरशीचा निळसर करडेपणा, जुन्या कोब्याचा तांबडा किंवा ओट्याच्या कडप्प्याचा काळा हा त्या घराचा पहिला रंग मानावा आणि भिंतीचा रंग त्याच्या शेजारी धरूनच पाहावा.

उजेडाची गोष्ट याहून मोठी आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. आभाळाचा निळसर, स्थिर प्रकाश येतो. तिथे थंड राखाडी किंवा निळा रंग दिला तर खोली उदास वाटते, आणि पिवडीच्या जवळ जाणारा उबदार रंग तिला सावरतो. पश्चिमेच्या खोलीत चार वाजता तिरपे ऊन शिरते. तिथे आधीच गडद केशरी भिंत असली तर दुपार सोसवत नाही, फिकट हिरवा मात्र शोभतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये आणखी एक पाहुणा उजेड असतो. समोरच्या इमारतीला विटकरी रंग असेल, तर तिच्यावरून परतून येणारा प्रकाश तीच छटा घेऊन आपल्या दिवाणखान्यात उतरतो. आपल्याकडचा पावसाळा तर सगळाच हिशेब बदलतो, मार्चमध्ये प्रसन्न वाटलेली भिंत जुलैच्या ढगाळ दुपारी मलूल होते. रात्रीचे गणित निराळे: 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 6500 केल्विनची पांढरी ट्यूब यांच्याखाली एकच भिंत दोन वेगळ्या घरांतली वाटावी इतकी बदलते. शिवाय चारही भिंतींना तोच रंग दिला की त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि रंग कार्डापेक्षा गडद भासतो. म्हणून पसंत पडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

हे सगळे न मोजता, न वाचता ज्यांनी साधले त्यांची घरे आपल्या जवळच आहेत. पणजीच्या फोन्तेन्हास भागातून चालताना पिवळी, निळी, तांबडी घरे दिसतात आणि प्रत्येकाच्या खिडकी-दारांभोवती पांढरी किनार असते. निखळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असे तिथे सांगितले जाते. तिथल्या रंगांची मुळे चुन्यात आहेत. चुना तीव्र अल्कली, त्यात टिकतील असे रंग मोजकेच: पिवडी, गेरू-हिरमुंजी, नीळ. निवडच मर्यादित असल्यामुळे गल्लीत शेजारी शेजारी उभी असलेली घरे भडक असूनही एकमेकांशी भांडत नाहीत. चुन्याचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. तो सारख्या जाडीचा बसत नाही, कुंच्याचे फटकारे त्यात राहतात, आणि उन्हात जवळून पाहिले तर एकाच भिंतीवर पिवळ्याच्या चार-पाच छटा हलताना दिसतात. त्यातून ओल बाहेर पडू शकते. आजच्या प्लॅस्टिक इमल्शनखाली ती अडकते आणि पोपडे धरतात. चुन्याला दर पावसाळ्यानंतर पुन्हा हात द्यावा लागतो हे खरे, पण त्या श्रमांतूनच भिंतीला वय आणि खोली येते.

याच मुलखातली कावी कला आणखी बोलकी आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कोकण-गोव्यातल्या देवळांवर आणि काही जुन्या घरांवर या पद्धतीच्या वेली, पक्षी, देवादिकांच्या आकृती आहेत. सारा डोलारा दोन रंगांचा. वारली घराच्या भिंतीवरही तेच, गेरूच्या तांबड्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. दोन्हीकडे रंग जिथला आहे तिथल्याच मातीतून येतो, आणि जमीन, भिंत व अंगण एकाच कुळातली वाटतात.

पांढऱ्याचे समर्थक इथे थांबवतील. लहान घर मोठे दिसायला पांढराच हवा, असे सर्रास मानले जाते, आणि त्यात तथ्य आहे: चांगला पांढरा रंग पडलेल्या प्रकाशातला 80 टक्क्यांहून अधिक परत फेकतो, गडद रंग अगदी थोडा. पण परत फेकायला आधी प्रकाश पडला पाहिजे. ज्या खोलीची एकमेव खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथली पांढरी भिंत दिवसभर राखाडीच राहते आणि खोली लहानही दिसते, मळकटही. तशा खोलीला मध्यम, उबदार रंग दिला तर ती निदान जाणूनबुजून निवडलेली वाटते. आधुनिक वास्तुकला म्हणजे पांढऱ्या भिंती, हा समजही अपुरा आहे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने 1925 मध्ये पांढऱ्या भिंतींचे जोरदार गुणगान केले, आणि त्याच सुमारास पुरे झालेल्या पॅरिसच्या व्हिला ला रोशमध्ये आतल्या भिंतींना निळे, हिरवट, तपकिरी रंग दिले. 1931 मध्ये त्याने भिंतीच्या कागदांसाठी 43 छटांचा संच काढला. कुठली भिंत पुढे यावी आणि कुठली मागे सरावी, हे ठरवायला त्याला रंग लागत होता.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि भाड्याच्या घरांचा. रंगकामात मजुरी आणि लांबी-घासणीचा वाटा मोठा असतो. छटा बदलल्याने एकूण खर्च फारसा हलत नाही. एकच भिंत रंगवायची असेल तर ती कुठली, हा खरा प्रश्न. टीव्हीमागची भिंत मरून करण्याची प्रथा पडली आहे. माझ्या मते खिडकीसमोरची भिंत हा मान घेण्यास सर्वांत योग्य, कारण उजेड थेट तिच्यावर पडतो. खिडकी ज्या भिंतीत आहे तिला गडद रंग दिला, तर बाहेरच्या लखलखाटापुढे ती काळी पडते. भाडेकरूला भिंतीला हात लावता येत नसेल तर पडदे, सतरंजी, सोलापुरी चादर आणि दिव्याचा रंग हे चार उपाय त्याच्या हातात उरतात. त्यांतला दिवा सर्वांत स्वस्त आहे आणि त्याचाच विचार सर्वांत कमी होतो.

सजावटीलाही उजेडाचा हाच न्याय लागू पडतो. मेक्सिको सिटीत वास्तुकार लुईस बरागान याने 1948 मध्ये स्वतःसाठी बांधलेले घर आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जिन्याच्या वळणावरच्या भिंतीवर कलाकार मथियास गोरिट्झची सोनेरी वर्खाची एक चौकोनी कलाकृती आहे. वरून येणारा उजेड तिच्यावर पडतो आणि खालपर्यंत सोनेरी आभा पसरते. त्या जागी दहा चित्रे टांगली असती तर ही आभा कधी दिसली नसती. आपल्याकडे शोकेस भरण्याची हौस दांडगी. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी, पितळी समई, प्रवासातून आणलेल्या मूर्ती, ट्रॉफ्या, सगळे एकाच काचेआड दाटीने उभे असते आणि कुठलीच वस्तू नीट दिसत नाही. त्यातला एक पितळी हंडा घासून-पुसून सकाळचे ऊन येते त्या कोपऱ्यात ठेवला, तर खोलीचा तो कोपरा दोन तास उजळून निघतो. आजीच्या लुगड्यांची गोधडी कपाटात घडी करून ठेवण्यापेक्षा फिक्या भिंतीसमोरच्या आरामखुर्चीवर टाकली, तर ती त्या घरातली सर्वांत रंगीत आणि सर्वांत खासगी गोष्ट ठरेल.

रंग ठरवण्याआधी दोन फूट लांब-रुंद प्लायच्या तुकड्यावर तो दोन हात लावून घ्यावा. जुन्या भिंतीवर थेट ठिपका देऊ नये, आजूबाजूचा जुना रंग निवड बिघडवतो. तुकडा फरशीला टेकवून, मग खिडकीसमोर, मग कोपऱ्यात उभा करावा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री नेहमीच्या दिव्याखाली पाहावा. जमल्यास पावसाळ्यातल्या एखाद्या ढगाळ दिवशीही. घरातल्या सगळ्यांनी तो येता-जाता दोन-तीन दिवस पाहिला आणि तरी नकोसा झाला नाही, की मग रंगाऱ्याला फोन करून डबे मागवावेत.