कमानी छताच्या पोर्चचे संगणकीय प्रतिमान

कमानी छताच्या पोर्चचे संगणकीय प्रतिमान म्हणजे प्रवेशद्वारापुढील आच्छादित भागाचे, आतून वक्र दिसणाऱ्या छतासह, गृहरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले त्रिमितीय चित्रण होय. या छताचा सर्वांत प्रचलित आकार आडव्या ठेवलेल्या अर्ध्या नळीसारखा असून त्यास बॅरल व्हॉल्ट असे म्हणतात. सपाट छत बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप काढतात; वक्र छत मात्र सहसा वापरकर्त्यास स्वतंत्रपणे घडवावे लागते. दगडी कमान, काँक्रीटचे कवच आणि जिप्सम बोर्डाचे आवरण ही तिन्ही पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु बांधकामात त्यांचे वर्तन पूर्णतः भिन्न असते. प्रतिमान यांपैकी कशाचे आहे, हे आधी ठरवणे आवश्यक ठरते.

भूमिती

वक्र छतासाठी दोन मापे पुरेशी असतात: दोन बाजूंच्या आधारांमधील अंतर, म्हणजे गाळा, आणि आधाराच्या पातळीपासून माथ्यापर्यंतची उंची, म्हणजे चढ. चढ गाळ्याच्या निम्मा असल्यास पूर्ण अर्धवर्तुळ मिळते. घराच्या पोर्चला ते क्वचितच परवडते. १० फूट गाळ्यासाठी ५ फूट चढ लागतो आणि माथा दाराच्या प्रमाणात फार उंच जातो. म्हणून कमी चढाची चपटी कमान निवडली जाते.

अर्ध्या गाळ्याचा वर्ग आणि चढाचा वर्ग यांच्या बेरजेस चढाच्या दुपटीने भागले असता त्रिज्या मिळते. गाळा १० फूट व चढ २ फूट असल्यास २५ आणि ४ यांची बेरीज २९, तिला ४ ने भागून त्रिज्या ७.२५ फूट येते. वर्तुळाचा मध्य आधाराच्या पातळीखाली ५.२५ फुटांवर पडतो. वक्राची लांबी सुमारे ११.०३ फूट भरते. पोर्च ८ फूट खोल असेल, तर जमिनीचे क्षेत्रफळ ८० चौरस फूट, परंतु छताचे सुमारे ८८ चौरस फूट होते. जमिनीच्या मापावरून बोर्ड मागवल्यास माल कमी पडतो तो यामुळेच.

अनेक सॉफ्टवेअरमध्ये वक्र हा प्रत्यक्षात लहान सरळ रेषांचा बनलेला असतो. स्केचअपमध्ये कंसाचे मूळ विभाजन १२ भागांचे असते. वरील उदाहरणात त्यामुळे खऱ्या वक्रापासून जास्तीत जास्त सुमारे ४.४ मिलिमीटरचा फरक पडतो. २४ भाग केल्यास तो सुमारे १.१ मिलिमीटरवर येतो. चित्रासाठी हा फरक नगण्य आहे. सुताराला साचा कापण्यासाठी मात्र छापील आकृतीपेक्षा त्रिज्येचा आकडा देणे अधिक विश्वसनीय, कारण दोरी आणि खिळा घेऊन तो खरा वक्र आखू शकतो.

घडवण्याच्या रीती

सर्वसाधारण रीतीत पोर्चच्या दर्शनी बाजूवर खालची कड वक्र व वरची कड सरळ असलेली बंद आकृती काढतात आणि ती पोर्चच्या खोलीइतकी मागे ओढतात. केवळ जाडी नसलेला वक्र पृष्ठभाग काढणे ही नेहमीची चूक होय. अशा प्रतिमानाच्या छेदात दिव्यांच्या वायरसाठी किंवा छताच्या सांगाड्यासाठी जागाच दिसत नाही. स्वीट होम थ्रीडी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भिंत वक्र करता येते, परंतु खोलीचे छत सपाट राहते. त्यामुळे वक्र भाग ब्लेंडरसारख्या अन्य सॉफ्टवेअरमध्ये तयार करून ओबीजे स्वरूपात फर्निचरप्रमाणे आयात केला जातो.

भार आणि आवरण

खरी कमान आधारांना केवळ खाली दाबत नाही, बाहेरही ढकलते. समान भार व समान गाळा असताना चढ निम्मा केला, तर हा आडवा दाब ढोबळमानाने दुप्पट होतो. दिसायला नाजूक अशी चपटी कमान म्हणूनच अधिक जड काम मागते. घराचे चित्र दाखवणारी सॉफ्टवेअर हा दाब मोजत नाहीत. बारीक खांबांवर ठेवलेली दगडी कमान ती निमूटपणे दाखवतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा किल्ल्यावरील अंबारखाना हे खऱ्या कमानी छतांचे जवळचे उदाहरण आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेल्या येथील धान्यकोठारांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी आहे. तिचे सोळा गाळे चपट्या घुमटांनी झाकलेले असून धान्य ओतण्यासाठी प्रत्येकात वरून छिद्र ठेवलेले आहे. पूर्वेकडील प्रवेशाचा कक्ष कमानी छताचा आहे व त्यावर विजापुरी वळणाचे गिलावाकाम आढळते. छतांचा बाहेरचा दाब तेथे जाड भिंती पेलतात. असा पोर्च संगणकावर उतरवताना छताचा वक्र जितका महत्त्वाचा, तितकीच भिंतींची जाडीही.

आजच्या बंगल्यांत वक्र छत बहुधा स्लॅबखाली टांगलेले आवरण असते. त्याचा आडवा दाब आधारांवर येत नाही. भार लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यातून स्लॅबवर जातो. येथे प्रतिमानात वरचे छप्पर आणि खालचे छत या दोन स्वतंत्र वस्तू ठेवाव्या लागतात, आणि वक्राचा माथा बीमला किंवा वाशांना छेदत नाही ना, हे उभ्या छेदात तपासावे लागते.

पावसाचे पाणी

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या या प्रदेशात तिन्ही बाजूंनी उघड्या पोर्चच्या छतापर्यंत वाऱ्याबरोबर तुषार पोहोचतात. साधे जिप्सम बोर्ड ओल शोषते, त्यामुळे तेथे सिमेंट बोर्ड किंवा सिमेंटचा गिलावा अधिक योग्य ठरतो. कवच बाहेरूनही वक्र असेल, तर वक्र व कठडा यांच्या सांध्यात पाणी साचते. तेथे पन्हळ आणि तिचा उतार प्रतिमानातच दाखवावा लागतो, कारण पन्हळीची रुंदी कठड्याची जागा ठरवते आणि कठडा सरकला की दर्शनी भागाचे प्रमाणही बदलते.