अकलूजचा अंगठा, मुंबईचा सर्व्हर

इंदापूरकडून नीरा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातले पहिले मोठे गाव लागते ते अकलूज. सहकारी साखर कारखाना, घोडेबाजार, लावणी स्पर्धा आणि तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण यांमुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. व्हिडीओ गेमच्या इतिहासात मात्र त्याचे नाव कुठे सापडायचे नाही. तरीही इंटरनेटने या खेळांचे भले केले की वाटोळे, हा प्रश्न अकलूजमध्ये उभे राहून विचारलेला बरा. जिथे अजून रेल्वेचा रूळ आलेला नाही, तिथल्या पोरांच्या खिशात दक्षिण कोरियात जन्मलेला ‘पबजी’ हा खेळ येऊन बसला. इंटरनेटने काय दिले आणि काय नेले, हे अशा गावात उघड दिसते.

आधी दिले काय ते पाहू, कारण ते खरोखर थक्क करणारे आहे.

अकलूजमधल्या खेळाडूने मोबाइलच्या काचेवर अंगठा दाबला की त्या दाबण्याचे एक लहानसे टपाल तयार होते. फोन ते रेडिओलहरींवरून जवळच्या टॉवरकडे सोडतो. टॉवरपासून पुढे काचेची तार (ऑप्टिकल फायबर), खेळ चालवणाऱ्या संगणकापर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत. तो मुंबईत आहे असे धरू. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तर काचेतून जाताना सुमारे दोन लाख. अकलूज ते मुंबई सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. तार वळणावळणाने गेली आणि हे अंतर चारशे झाले असे धरले, तरी प्रकाशाला ते कापायला एका सेकंदाचे दोन हजारांश भाग पुरतात. जाऊन-येऊन चार. माणसाची पापणी लवायला याच्या कैक पटींनी जास्त वेळ लागतो.

मग खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘पिंग’ म्हणून साठ, ऐंशी, कधी दोनशे असे आकडे का दिसतात? हा आकडा म्हणजे टपाल जाऊन उत्तर परत यायला लागलेले मिलिसेकंद. त्यात अंतराचा वाटा अगदी थोडा असतो. सर्व्हर सिंगापुरात असेल तर गोष्ट वेगळी. चार हजार किलोमीटरची समुद्राखालची तार धरली तर जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच जातात आणि कुठल्याही कंपनीला ते कमी करता येत नाहीत, कारण प्रकाशाला घाई करायला कोणी सांगू शकत नाही. उपाय एकच: सर्व्हर जवळ आणणे. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुण्यात आणि अॅमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत भाड्याने देण्याजोगी प्रचंड संगणककेंद्रे सुरू केली. तेव्हापासून, कोणताही गाजावाजा न होता, महाराष्ट्रातला खेळाडू खेळाच्या जवळ आला.

उरलेला उशीर होतो तो बहुतेक टॉवरपाशी. एका टॉवरची क्षमता त्याच्याखालच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. कोणी केव्हा बोलायचे हे टॉवर ठरवतो आणि फोन आपल्या पाळीची वाट पाहतात. रात्री जेवणानंतर जो तो व्हिडीओ पाहू लागला की पाळी लांबते. आषाढी वारीत पालखी मुक्कामाला आली की हजारो फोन एकाच आकाशाखाली गोळा होतात. अशा वेळी हातातला खेळ बंद ठेवून रिंगण पाहायला जाणे हेच शहाणपणाचे, नेटसाठीही आणि एरवीही.

पण खरा चमत्कार तारेत नाही, हिशेबात आहे. पबजीत शंभर खेळाडू एका बेटावर उतरले आहेत, प्रत्येकाचा पिंग वेगळा, मग सगळ्यांना एकच लढाई दिसते कशी? खरे म्हणजे दिसतच नाही. 1996 मध्ये जॉन कार्मॅक या अमेरिकन प्रोग्रॅमरने ‘क्वेकवर्ल्ड’ या खेळात एक युक्ती रुळवली. तुम्ही बटण दाबताच तुमचा फोन किंवा संगणक सर्व्हरच्या परवानगीची वाट न पाहता तुमचा गडी हलवून मोकळा होतो. पुढे सर्व्हरचे उत्तर वेगळे आले तर गड्याला गुपचूप योग्य जागी आणून ठेवतो. पळता पळता आपला गडी अचानक मागे ओढला गेल्यासारखा दिसतो तो याचमुळे. ‘लॅग झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा यंत्राने केलेला अंदाज चुकलेला असतो.

इतर खेळाडू तर आपल्याला थोड्या भूतकाळातच दिसतात, कारण त्यांची बातमी येईपर्यंत ते पुढे गेलेले असतात. मग नेम धरून मारलेली गोळी लागली की नाही, हे ठरवायचे कसे? अशा बहुतेक नेमबाजीच्या खेळांत सर्व्हर काळ उलटा फिरवतो. कोण कुठे होते याची शेवटच्या काही क्षणांची नोंद त्याच्याकडे असते. तुमची गोळी आली की तुमच्या पिंगइतका तो मागे जातो, त्या क्षणी तुमच्या पडद्यावर शत्रू कुठे दिसत होता ते पाहतो आणि निकाल देतो. म्हणून कधी कधी भिंतीआड पोहोचल्यावरही माणूस मरतो. ‘हॅक लावलाय त्यानं’ अशी बोंब होते, पण पुष्कळदा हॅक नसतो. मारणाऱ्याच्या घड्याळात आपण अजून उघड्यावर असतो, एवढेच. दोन गावांतल्या दोन वेळा जुळवून न्याय देणारे हे यंत्र सेकंदाला अनेकदा तो देते, याचे मला कौतुक वाटते.

हे सगळे नव्हते तेव्हाही खेळ होते, आणि ते कमी खेळ नव्हते. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात खुपसायची कॅसेट, ती चालेना म्हणून तिच्यात मारायची फुंकर. डाव अर्धा असताना भारनियमनाची वेळ झाली की सगळे गेले. पण लाइट आल्यावर तीच कॅसेट तसाच खेळ पुन्हा देत असे. नोकियाने 1997 मध्ये 6110 या फोनमध्ये सापाचा खेळ घातला. दोन फोन समोरासमोर धरून इन्फ्रारेड किरणांवर दोघांनी तो खेळायची सोयही त्यात होती. पुढे सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ आला. तो एका खोलीतल्या संगणकांना जोडणाऱ्या वायरीवर चालत असे, बाहेरचे इंटरनेट बंद असले तरी बिघडत नसे. मारणारा आणि मेलेला एकाच बाकावर बसलेले असत.

या काळातला एक खेळ आपल्या प्रश्नाला मोठे गमतीदार उत्तर देतो. ईए कंपनीचा ‘क्रिकेट 07’ नोव्हेंबर 2006 मध्ये आला. समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. हक्क मुख्यतः इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे घेतलेले, त्यामुळे भारतीय खेळाडूंची नावे मोडतोड करून घातलेली. या मालिकेतला तो शेवटचा खेळ ठरला, कंपनीने पुढचा काढलाच नाही. रीतीप्रमाणे तो दोन-तीन वर्षांत विसरला जायला हवा होता. पण जगभरच्या हौशी मंडळींनी खरी नावे, नवे चेहरे, नव्या जर्सी, पुढे आयपीएलचे संघ आणि नवी मैदानेही तयार करून इंटरनेटवर फुकट वाटली. एकाने उतरवून घ्यायचे, बाकीच्यांनी पेनड्राइव्हवर. निर्मात्याने सोडून दिलेला, एकट्याने खेळता येणारा खेळ इंटरनेटने पुढे कितीतरी वर्षे जगवला. त्याला नेट लागत नव्हते, म्हणूनच नेट त्याच्या उपयोगी पडले.

मग 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आले. त्याआधी एका जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आता मार्च 2017 पर्यंत तो फुकट मिळू लागला आणि पुढेही स्वस्तच राहिला. संगणक न पाहिलेल्या घरात थेट खेळाचे यंत्र आले. 2018 मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला. ज्यांचा फोन त्याला पेलत नव्हता त्यांनी सिंगापूरच्या गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ घेतला, कारण तो कमी ताकदीच्या फोनवरही चालतो. शहरातल्या आणि तालुक्यातल्या मुलांमधला खेळाचा फरक यापूर्वी कधी इतका कमी झाला नव्हता. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडीओ गेमच्या स्पर्धांना, क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान दिले, आणि 2023 मध्ये हांगझोउ येथे भरलेल्या आशियाई खेळांत त्यांना पदके होती.

नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ही 2016 मधलाच. पचिसीवरून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडो बेतला, आणि तो फिरून महाराष्ट्रातून जगात गेला. डाउनलोडचा दहा कोटींचा टप्पा त्याने टाळेबंदीपूर्वीच ओलांडला होता. 2020 च्या टाळेबंदीत मात्र घराघरांत तो अड्डाच झाला. पुण्याचा भाचा, अकलूजची मावशी आणि दुबईचा काका एका पटावर बसू शकले. आणि नेट नसेल तर? एकच फोन चौघांत फिरवत खेळायची सोय त्यात होतीच. या खेळाच्या यशाचे श्रेय मी त्या दुसऱ्या सोयीला अर्धे तरी देईन.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ हे आणखी एक उदाहरण. भारतीय पुराणकथांवर उभा असलेला, एकट्याने खेळायचा हा खेळ. 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी मंडळी हटली नाहीत. 2020 मध्ये खेळ आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांत त्याला नामांकन मिळाले. पुण्यातली छोटी मंडळी परदेशात कॅसेटी विकायला कधीच पोहोचली नसती. इंटरनेटने त्यांना जगभरचे दुकान दिले, आणि खेळ खेळताना ते मध्ये आले नाही.

आता नेले काय ते.

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व्हर बंद झाले. ज्याच्या फोनमध्ये खेळ होता त्याच्या फोनमध्ये तो राहिला, फक्त उघडून काही होईना. खेळाडूंनी ‘यूसी’ हे खेळातले चलन भरून घेतलेले कपडे आणि बंदुकांचे रंग अडकून पडले. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा अॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला. दरम्यान फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर बंदी आली होती. देशाच्या सुरक्षेचा निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. मुद्दा एवढाच, की घरातली कॅसेट कोणाला अशी दुरून बंद करता आली नसती.

हे केवळ सरकारी हुकुमाने होते असेही नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ 2014 मध्ये पैसे घेऊन विकला आणि 31 मार्च 2024 रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता, तोही मेला, कारण तोसुद्धा सर्व्हरला बांधलेला होता. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट 2024 मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. तिथे निदान पैसे परत मिळाले. ‘द क्रू’वरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि जुलै 2025 पर्यंत तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार, त्या देशात 2010 पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. ते तरी कुठल्यातरी माळ्यावर डिस्कच्या रूपात सापडतील. सर्व्हरवर जगणारा खेळ गेला की माळ्यावर काहीच उरत नाही.

दुसरे नुकसान सवयीचे. खेळ अर्धाकच्चा विकायचा आणि नेटवरून अपडेट पाठवत राहायचे, ही चाल पडली. मासिक डेटा मोजून वापरणाऱ्या घरात खेळायला बसावे तर ‘आधी अपडेट करा’ हे ठरलेले. तिसरे पैशाचे. पैसे पणाला लावायच्या खेळांनी नेटवरून घराघरांत प्रवेश केला आणि अखेर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून ते बंद केले. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे खेळ त्या कायद्याने मोकळे ठेवले. पैशाच्या खेळांना आणि यांना एका मापाने मोजले नाही हे बरे झाले.

माझा निवाडा असा. जोडणीने खेळाचे भले केले, जोडणीच्या सक्तीने वाटोळे. पालखीच्या गर्दीत रेंज गेली, कंपनी बुडाली, बंदी आली, तरी जो खेळ एकट्याने उघडता येतो त्याला इंटरनेट हे वरदान आहे. जो नेटशिवाय उघडतच नाही तो आपण विकत घेतलेला नसतो, भाड्याने वापरत असतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार डिजिटल खेळ विकताना दुकानाला ग्राहकाला हे स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडेही ते सांगायला लावले पाहिजे. तोवर, मुलाने एखाद्या खेळात पैसे भरायला मागितले, तर आधी फोनचा विमान मोड चालू करून तो खेळ उघडून पाहा. उघडला नाही, तर भरलेले पैसे हे भाडे आहे असे समजूनच द्या.