फुकट आणि मोकळं : उघड्यावरच्या जॅझची गोष्ट

केजमध्ये जॅझवर व्याख्यान म्हटल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, की सर, हे काय नवीन काढलंत? तर नवीन काही नाही. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोनं तो २०११ साली जाहीर केला आणि २०१२ पासून तो साजरा होतो. त्या दिवशी कित्येक शहरांत बागेत, चौकात दिवसभर वादन चालतं आणि तिकीट नसतं. माझा विषय आहे हे 'तिकीट नसतं' म्हणजे नेमकं काय असतं, हा. मी तत्त्वज्ञान शिकवलं, संगीत नाही. तेव्हा मी रागदारीत चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आता गंमत बघा. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द आहे. पैसे न देता मिळालं तेही फ्री, आणि बेडी तुटली तेही फ्री. मराठीनं मात्र दोन कप्पे केलेत. एका कप्प्यात फुकट, मोफत, चकटफू. दुसऱ्यात मोकळं, मुक्त, स्वतंत्र. आणि 'फुकट' शब्दाला आपल्याकडे थोडी वासही येते, 'फुकटचं खाणारा' म्हणतो आपण. 'मोकळा' म्हटलं की छाती भरून येते. जॅझच्या इतिहासात हे दोन कप्पे सारखे एकमेकांवर आदळत राहिलेत, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात. तिथं काँगो स्क्वेअर नावाचं मैदान आहे. १८१७ साली शहरानं नियम केला, की गुलामांनी नाचगाण्यासाठी जमायचं तर फक्त रविवारी, आणि महापौर ठरवेल त्याच जागी. ती जागा हे मैदान. आठवड्यात सहा दिवस मालकाचे, आणि रविवारी दुपारी ढोल, नाच, बाजार. तिकीट नव्हतं. ऐकायला गोरे लोकही येऊन उभे राहायचे. म्हणजे उघड्यावरचं, बिनपैशाचं, दिवसभराचं संगीत होतं. पण वाजवणारा मोकळा नव्हता. फुकट होतं, मुक्त नव्हतं. जॅझ तिथं थेट जन्मला असं मी म्हणणार नाही, तो पुढं विसाव्या शतकाच्या तोंडावर आकाराला आला. पण ते ताल, तो एकानं म्हणायचं आणि घोळक्यानं उत्तर द्यायचं हा प्रकार, तिथून वाहत आला. २०१२ साली पहिल्या जॅझ दिनाच्या पहाटे त्याच मैदानात वादन झालं, हा योगायोग नव्हे.

एकानं म्हणायचं आणि घोळक्यानं उचलायचं, हे तुम्हाला मी शिकवायला नको. सप्ताहात बुवा अभंगाचं चरण टाकतात आणि टाळकरी ते झेलतात. तेच.

वाद्यंही अनोळखी नाहीत. आपल्या लग्नाच्या वरातीतला बँड आठवा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, कधी सॅक्सोफोन, मोठा ढोल. सॅक्सोफोन अडॉल्फ सॅक्स या माणसानं बनवला, १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि तो लष्करी बँडांत शिरला. म्हणजे ही वाद्यं मुळातच छपराखाली बसून ऐकायची नव्हेत. रस्त्यावर, चालता चालता, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचावं म्हणून केलेली. न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेलाही बँड असतो. जाताना संथ, शोकाचं वाजवतात, परतताना नाचतं. मागं जो चालेल तो चालतो, आमंत्रण कुणाला नाही. जॅझ घरात, हॉटेलात, क्लबात नंतर गेला. उघडं आभाळ हे त्याचं माहेर आहे, बरं का.

आता आपल्याकडं येऊ. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णी अमेरिकन वादक आले, १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड आला. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर वाजवू लागले आपले गोव्याचे लोक. का गोव्याचेच? कारण पोर्तुगीज काळात तिथं चर्चला जोडलेल्या गावशाळांत मेस्त्र मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गरिबाचं पोरगंही कागदावरचं संगीत वाचू शकायचं. ती पोरं मुंबईत धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे सामायिक खोलीत, ट्रंक ठेवून राहायची. त्यातूनच हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आला. आणि आपला पुणतांब्याचा माणूस, सी. रामचंद्र, त्यानं १९५१च्या 'अलबेला'त या चिक चॉकलेटला आणि त्याच्या बँडला पडद्यावरच उभं केलं. म्हणजे केजच्या माणसानं जॅझ ऐकला नाही असं म्हणू नका. ऐकलाय, नाव माहीत नव्हतं.

१९७८च्या फेब्रुवारीत निरंजन झवेरींच्या पुढाकारानं मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली. सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला आला. नाव बघा, फेस्टिव्हल नाही म्हटलं, यात्रा म्हटलं. जागा रंगभवन, धोबी तलावचंच खुलं नाट्यगृह. आभाळ उघडं, पण दाराशी तिकीट. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं वाटेल. मला वाटतं, आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉईस या कृष्णवर्णी विचारवंताला पत्र लिहिलं. १९७२ला पँथर निघाली ती तिकडचं नाव घेऊन. आपण त्यांचा विचार घेतला, त्यांच्या कविता वाचल्या, त्यांचं नाव घेतलं. त्यांचं संगीत मात्र मुंबईच्या तिकिटाच्या दारातच राहिलं. ही एक मोठी चुकामूक आहे, आणि तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. 'सर, मग सगळं फुकट करा की!' नाही. थांबा. आपल्या गावात फुकट संगीत कमी होतं का? गावकीत हलगी वाजवणं हे काही जातींवर लादलेलं काम होतं. देवाच्या पालखीपुढं, पाटलाच्या लग्नात, कुणाच्या मयताला. ऐकणाऱ्याला पैसे पडत नव्हते, वाजवणाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं. बाबासाहेबांच्या चळवळीनं गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं तेव्हा कित्येकांनी वाजवणंही सोडलं. आणि त्याच चळवळीत भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले. वाद्य, सूर, मैदान सगळं ओळखीचं; फरक एवढाच की आता हे आपल्या मर्जीनं, आपल्या म्हणण्यासाठी. तेव्हा प्रश्न 'तिकीट आहे का' हा अर्धाच. उरलेला अर्धा, 'वाजवणाऱ्याला नाही म्हणता येतं का, आणि त्याला कोण देतं?'

अमेरिकेत हा प्रश्न नीट लढला गेला. १९४२ साली तिथल्या वादकांच्या युनियननं रेकॉर्डिंगवर संप केला. म्हणणं सरळ होतं : आमची तबकडी वाजते आणि त्यामुळे आमचंच काम जातं. दोनेक वर्षं संप चालला. शेवटी कंपन्यांनी प्रत्येक तबकडीमागं काही रक्कम एका निधीत द्यायची असं ठरलं. पुढं कायदा आडवा आला, म्हणून १९४८ला त्याचा स्वतंत्र विश्वस्त निधी झाला. त्या निधीतून काय करायचं? बागेत, शाळेत, इस्पितळात लोकांसाठी बिनतिकिटाचे कार्यक्रम, आणि वादकाला ठरलेलं मानधन. श्रोत्याला फुकट, वादकाला रोख. किती साधं आहे, पण डोकं लागतं! उलट न्यूपोर्टचा मोठा महोत्सव तिकिटाचा. १९६० साली तिथं आत जागा नाही म्हणून बाहेरच्या हजारो पोरांनी दंगा केला, अश्रुधूर सोडावा लागला. आणि त्याच वेळी मिंगस आणि मॅक्स रोच या वादकांनी मानधनावरून चिडून त्याच गावात आपला वेगळा महोत्सव मांडला होता. दाराबाहेरचा श्रोताही नाराज, दारातला वादकही नाराज. शिकागोत १९७४ साली ड्यूक एलिंग्टन वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ बागेत खुलं वादन झालं, त्यातून १९७९पासून महोत्सव उभा राहिला. तो आजही बिनतिकिटाचा आहे.

तिकीट नसण्यानं आणखी एक होतं. श्रोत्याला उठून जाता येतं. पैसे भरलेला माणूस वसूल करायला बसून राहतो. न भरलेला थांबला, तर तो खरोखर थांबलेला असतो. वादकाला हे कळतं.

आता समजा, ऊसतोडीची माणसं गावी परतल्यावर कुणी इथं असा दिवस ठेवलाच, तर ऐकायचं कसं? दोन गोष्टी सांगतो आणि बसतो. आपल्याकडे तानपुरा जागचा हलत नाही; गायक त्याच्याभोवती फिरतो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच ठरलेल्या जागी सरकते. ब्लूजचं साधं आवर्तन बारा खणांचं, प्रत्येक खण चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. पाचव्या खणाला स्वरमेळ बदलतो, सातव्याला घरी येतो, नवव्याला पुन्हा निघतो. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर आपलं सुचलेलं मांडतो, बाकीचे त्याला धरून ठेवतात, शेवटी पुन्हा मुखडा. तुम्ही बोटांवर खण मोजा, दोन फेऱ्यांत पकड येते. आणि टाळी. आपण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला टाळी देतो, ते दुसऱ्या आणि चौथ्याला देतात. सुरुवातीला हात चुकतो. शेजारचा हसला तर हसू द्या, त्याचाही चुकणारच आहे.

मंडप मात्र संध्याकाळी पाचनंतर घाला; एप्रिलच्या केजमध्ये दुपारी ट्रम्पेटचं पितळ ओठाला लावता येणार नाही. आणि दहाच्या आत संपवा, लाऊडस्पीकरचा कायदा तेवढाच वेळ देतो. बँडवाल्यांचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. विचारा, प्रश्न असतील तर.