नवे सॉफ्टवेअर आणि ई-मेलचा स्रोतोरोध

चिकित्सालयात वा औषधनिर्माणशाळेत संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविले जाते. ते कधी अँटिव्हायरस असते, कधी बिले करण्याचे, तर कधी विंडोजचीच नवी आवृत्ती. दोन दिवसांनी ध्यानात येते की, ई-मेल येईनासे झाले आहेत, किंवा लिहिलेली पत्रे ‘आउटबॉक्स’मध्येच अडकून पडली आहेत. अशा तक्रारी वैद्यबंधु-भगिनींकडून आणि फार्मसीचालकांकडून आमच्या कानी वारंवार येतात. त्यांत एक गोष्ट समान आढळते. मूळ बिघाड बहुधा किरकोळ असतो. परंतु खाते काढून टाकणे, प्रोग्राम पुन्हा बसविणे, पासवर्ड बदलणे आणि अखेरीस संगणक ‘फॉरमॅट’ करणे अशा घाईच्या उपायांनी होणारी हानी मात्र भरून येत नाही. शुद्ध व अशुद्ध चिकित्सेतील भेद आपल्या वाचकांस सांगावयास नको. दोषाचे स्थान न ओळखता शोधन देणारा वैद्य आणि पत्रे कोठे साठविली आहेत हे न पाहता फॉरमॅट करणारा तंत्रज्ञ, यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. बाहेरगावच्या रुग्णांचे अहवाल, वनौषधींच्या पुरवठादारांची दरपत्रके, प्रयोगशाळेचे विश्लेषण, परवान्यासंबंधीचा पत्रव्यवहार हे सारे आज ई-मेलनेच चालते. शिवाय केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर नोटीस पाठविणे ही ती बजावण्याची एक मान्य रीत आहे. ‘पत्र आमच्या संगणकावर उतरलेच नाही’ असे कर-अधिकाऱ्यांपुढे सांगण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

स्रोतसांचा परिचय

ई-मेलचे जाणे व येणे ही दोन स्वतंत्र स्रोतसे आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. पाठविण्याच्या रीतीस ‘एसएमटीपी’ म्हणतात. आपल्या संगणकावरील प्रोग्राम सेवादात्याच्या सर्व्हरकडे पत्र सोपवितो तो बहुधा ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या द्वारातून. पत्रे आणण्याच्या रीती दोन आहेत. ‘पॉप’ ही पत्रे उतरवून संगणकावर ठेवते व तिचे सुरक्षित द्वार ९९५. ‘आयमॅप’ ही पत्रे सर्व्हरवरच राखून संगणकावर केवळ त्यांची प्रतिमा दाखविते, तिचे द्वार ९९३. द्वारे वेगळी असल्यामुळेच कित्येकदा पत्रे येतात पण जात नाहीत, किंवा जातात पण येत नाहीत. एकच स्रोतस अवरुद्ध असता दोन्हींवर उपचार करण्याचे कारण नाही.

परीक्षेचा आरंभ साधा आहे. तोच ई-मेल पत्ता ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडून पाहावा. तेथे नवी पत्रे दिसत असतील तर टपाल सुखरूप आहे, विकृती केवळ त्या एका संगणकावरील प्रोग्रामात आहे. मग धास्तीचे कारण उरत नाही आणि तातडीची उत्तरे ब्राउझरमधूनच देता येतात. तेथेही पत्रे नसतील तर नव्या सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी साठ्याची जागा पाहावी. गूगलच्या विनामूल्य खात्यास मिळणारी १५ गिगाबाइट जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मोबाइलवरील छायाचित्रांनी ती भरली की, येणारी पत्रे पाठविणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. नवे सॉफ्टवेअर आणि भरलेले कोष्ठ हा निव्वळ योगायोगही असू शकतो.

यानंतर संदेशातील क्रमांक टिपून घ्यावा. पुष्कळजण पडद्यावर आलेला संदेश न वाचताच बंद करतात. वस्तुतः रूप तेच सांगते. पाठविताना ४ ने आरंभ होणारा तीन अंकी क्रमांक आला तर अडचण तात्पुरती समजावी व थोडा वेळ थांबावे. ५ ने आरंभ होणारा क्रमांक म्हणजे स्पष्ट नकार. ५३५ म्हणजे पासवर्ड वा ओळख पटली नाही. ५५२ म्हणजे पत्र फार मोठे झाले किंवा साठ्याची मर्यादा संपली. नव्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमुळे अहवालांच्या फाइली एकाएकी जड होतात, तेव्हा हा दुसरा प्रकार घडतो. पत्रासोबत जाताना फाइल सुमारे एकतृतीयांशाने फुगते, म्हणून २० मेगाबाइटचा अहवालही २५ मेगाबाइटची मर्यादा ओलांडू शकतो. येथे स्कॅनरची सूक्ष्मता कमी करणे एवढाच उपाय पुरे.

आधी रक्षण

कोणताही उपाय करण्यापूर्वी पत्रे कोठे आहेत हे निश्चित करावे. खाते ‘आयमॅप’चे असेल तर ती सर्व्हरवर असतात व संगणक नवा केला तरी परत दिसतात, अपवाद फक्त ‘लोकल फोल्डर’मध्ये मुद्दाम हलविलेल्या पत्रांचा. खाते ‘पॉप’चे असेल आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केलेली नसेल, तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार केवळ त्या एका संगणकात असतो. जुन्या फार्मसींमधून हीच स्थिती आम्हांला अधिक आढळते, कारण त्यांची खाती ‘आउटलुक एक्सप्रेस’च्या काळात उघडलेली आणि पुढे तशीच चालविलेली असतात. अशा ठिकाणी आउटलुक पूर्णपणे बंद करून त्याची ‘पीएसटी’ फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. आउटलुक २०१० पासून ती बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये असते. थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी त्याचे संपूर्ण ‘प्रोफाइल’ फोल्डर उतरवावे. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेले द्रव्य होय.

हेतुविचार

सर्वाधिक वेळा हेतू असतो तो नवा अँटिव्हायरस. यांतील कित्येक प्रोग्राम ई-मेल प्रोग्राम व सर्व्हर यांच्या मध्ये उभे राहून प्रत्येक पत्र तपासतात. संदेशवहन सांकेतिक असल्याने तपासणीसाठी ते सर्व्हरच्या प्रमाणपत्राऐवजी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात. आउटलुक विंडोजच्या प्रमाणपत्रसंग्रहावर विसंबते, त्यामुळे तेथे हे बहुधा खपून जाते. थंडरबर्ड मात्र स्वतःचा संग्रह बाळगतो आणि अपरिचित प्रमाणपत्र दिसताच ते नाकारतो. म्हणूनच एकाच खोलीतील दोन संगणकांवर तोच अँटिव्हायरस असूनही एकावर ई-मेल चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही. जुना अँटिव्हायरस न काढता त्यावर दुसरा बसविणे हे तर उघड विरुद्धसेवन आहे. दोघेही एकाच द्वारावर पहारा देऊ पाहतात आणि टपाल मध्येच अडते. उपाय असा की, अँटिव्हायरसमधील ‘मेल शील्ड’ वा ‘ई-मेल स्कॅन’ एवढाच भाग दहा मिनिटे थांबवून पत्र पाठवून पाहावे. संपूर्ण अँटिव्हायरस बंद करू नये, तशी आवश्यकताही नसते. पत्र गेले तर निदान झाले. तो भाग कायम बंद ठेवला तरी फाइल उघडताना वा साठविताना होणारी तपासणी चालूच राहते, म्हणून रक्षण सर्वस्वी नाहीसे होत नाही.

याच वर्गातील एक प्रकार अधिक भयावह वाटतो. सकाळी संगणक उघडावा तर इनबॉक्स संपूर्ण रिकामा! थंडरबर्ड एका फोल्डरमधील सर्व पत्रे बहुधा एकाच फाइलीत ठेवतो. हजारो पत्रांतील एखाद्या जुन्या पत्रात विषाणू सापडला की, नवा अँटिव्हायरस ती समग्र फाइलच विलगीकरणात, म्हणजे ‘क्वारंटाइन’मध्ये, हलवू शकतो. अंगुलीच्या व्रणासाठी हात कापावा तसे हे झाले. अशा वेळी विलगीकरणाची यादी चुकूनही रिकामी करू नये. तेथून इनबॉक्सची फाइल परत मिळवावी, प्रोफाइल फोल्डर तपासणीतून वगळावे आणि मग दूषित पत्र तेवढे शोधून काढून टाकावे. त्यानंतर ‘कॉम्पॅक्ट’ ही क्रिया केल्यावाचून ते पत्र फाइलीतून खऱ्या अर्थाने जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा मोठा हेतू ओळख पटविण्याच्या रीतीतील बदलाचा आहे. पूर्वी पत्ता आणि पासवर्ड दिला की, कोणतेही सॉफ्टवेअर पत्र पाठवू शके. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही मोकळीक ३० मे २०२२ पासून काढून घेण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तसेच केले. आता ई-मेल प्रोग्राम स्वतः पासवर्ड न घेता सेवादात्याचे प्रवेशपान उघडतो व तेथून अनुमती मिळवितो. जुन्या आवृत्त्यांना ही रीत ठाऊकच नाही. नव्या संगणकावर जुनेच सॉफ्टवेअर बसविले की, बरोबर पासवर्ड देऊनही ५३५ येत राहतो तो यामुळे. ग्राहकांस परस्पर बिले पाठविणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि स्कॅन करून थेट ई-मेल करणारी यंत्रे यांची अडचण बहुधा हीच असते. जीमेलच्या बाबतीत खात्यास द्विस्तरीय पडताळणी लावून सोळा अक्षरांचा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा व तो त्या सॉफ्टवेअरला द्यावा. मात्र गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलताच असे सर्व ॲप पासवर्ड रद्द होतात. काहीतरी करावे म्हणून घाबरून पासवर्ड बदलणारा गृहस्थ चालू असलेली यंत्रेही बंद पाडतो, ते असे.

विंडोजमधील साध्या ‘मेल’ प्रोग्रामची गोष्ट वेगळी. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपविला आणि त्यातून पत्रे पाठविणे व घेणे थांबले. तेथे दुरुस्ती शोधत बसणे व्यर्थ. त्याच्या जागी आलेल्या ‘नव्या आउटलुक’मध्ये जुन्या आउटलुकला जोडलेली ‘कॉम ॲड-इन’ प्रकारची उपांगे चालत नाहीत. आपले बिलांचे सॉफ्टवेअर अशा उपांगावर अवलंबून असेल, तर ते बिघडलेले नसून आधार गमावून बसले आहे, असे समजावे व विक्रेत्याशी बोलावे.

घड्याळाकडे कोणी पाहत नाही. विंडोज नव्याने बसविल्यावर किंवा यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. तसे झाले की, सर्व प्रमाणपत्रे अवैध ठरून ई-मेलच नव्हे, तर बँकेची संकेतस्थळेही उघडत नाहीत. तारीख दुरुस्त करण्यास एक मिनिट लागते.

उपशय

हेतू संदिग्ध असता गूढलिंग व्याधीप्रमाणे उपशयाचाच आश्रय घ्यावा. येथे एकच पथ्य आहे: एका वेळी एकच बदल करावा, परिणाम पाहावा, आणि गुण न आल्यास तो बदल मागे घेऊनच पुढचा करावा. चार बदल एकदम केल्यावर ई-मेल चालू झाला, तर कशाने झाला हे कळत नाही आणि उरलेले तीन पुढे उपद्रव देतात. ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरून आउटलुक उघडल्यास ते ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे उपांगांवाचून, चालते, थंडरबर्डमध्ये यासाठी ‘ट्रबलशूट मोड’ आहे. तेथे पत्रे सुरळीत जाऊ लागली तर दोष एखाद्या उपांगाचा असतो. फायरवॉलने पहिल्याच दिवशी ‘या प्रोग्रामला अनुमती द्यावी काय?’ असे विचारले असता एखाद्या कर्मचाऱ्याने ‘नाही’ म्हटलेले असू शकते. ब्राउझर चालतो पण ई-मेल प्रोग्राम चालत नाही, या रूपात तीही यादी पाहावी.

इतके करूनही गुण न आल्यास तंत्रज्ञास बोलवावे. पण इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ क्रमांकास दूरध्वनी करू नये. असे कित्येक क्रमांक फसवणुकीचे असतात आणि ते दूरस्थ प्रोग्राम बसवावयास लावून संगणकाचा ताबा घेतात. क्रमांक सॉफ्टवेअरच्या मूळ खोक्यावरून, पावतीवरून वा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. ओळखीचा तंत्रज्ञ आला तरी पासवर्ड त्याला कागदावर लिहून न देता स्वतः टंकित करावा. त्या पेटीत रुग्णांनी विश्वासाने सांगितलेले पुष्कळ काही असते. त्याच्या हाती द्यावयाचा कागद वेगळा: कोणते सॉफ्टवेअर कोणत्या दिवशी बसविले, खाते पॉप की आयमॅप, ब्राउझरमध्ये पत्रे दिसतात की नाही, अडचण येण्याची की जाण्याची, संदेशातील क्रमांक कोणता, आणि पत्रांची प्रत कोणत्या डिस्कवर घेतली आहे.