बास गिटार आणि घरातली शांतता

डब्लिनजवळ सँडीफोर्डला फ्लॅटमध्ये राहणारा नातू बास गिटार वाजवू लागला की घर घुमते. त्याला थांबवण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरची बटणे पाहावीत, असे आम्ही सुचवतो.

व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून सुरुवात करावी. बास, मिडल, ट्रेबल मध्यावर ठेवावेत. जोराने तार छेडत गेन वाढवावा. आवाज फाटू लागताच किंचित मागे घ्यावा. मग व्हॉल्यूम हळूहळू चढवावा.

सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. असे खालचे सूर भिंतीपलीकडे जातात आणि कोपऱ्यात जास्तच घुमतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर कोपऱ्यातून काढावा, बास कमी करून मिडल थोडा वाढवावा.

उतारवयात आधी वरचे सूर हरवतात, धडधड तेवढी उरते. मिडल वाढवला की आपल्यालाही नातवाचे सूर ओळखू येतात.